वायद्यात गेले, गोदामात आले, तरी शेठ नाराज

जळगाव-धुळ्याकडे कुणाला सांगितलं की मी कमोडिटीत हेजिंगचं, म्हणजे मालाच्या भावाची जोखीम कमी करायचं, काम बघतो, तर समोरचा हसून हमखास विचारतो, "म्हणजे सट्टाच ना भो?" मी आता यावर चिडणं सोडून दिलंय, कारण लोकांच्या डोक्यात हे बसलंय त्याला तसंच कारण आहे. मटका हा प्रकारच मुळात कापसातून निघाला. न्यूयॉर्कला कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला ते तारेने मुंबईला यायचं आणि त्या आकड्यांवर अशी माणसं पैसे लावायची ज्यांनी आयुष्यात कापसाचं बोंड हातात धरलं नसेल. १९६१ ला न्यूयॉर्कहून आकडे यायचे बंद झाले तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवायला सुरुवात केली, पण खेळ थांबवला नाही. आणि त्याच मुंबईत १८७५ साली बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन उभी राहिली होती, जिथे गिरणीवाले आणि व्यापारी रीतसर वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच भाव ठरवून, करून आपला माल सांभाळायचे. म्हणजे एकाच कापसाच्या भावावर एक जण डोक्यावरची जोखीम उतरवत होता आणि दुसरा नसलेली जोखीम विकत घेत होता. बाहेरून बघणाऱ्याला दोघं सारखेच दिसणार, त्यात नवल काय.

फरक कळायला एक जिनिंगवाला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणारा, घेऊ. दिवाळीनंतर कापसाची आवक जोरात, गेटबाहेर ट्रॅक्टर आणि गाड्यांची रांग, शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे, नाहीतर तो पुढच्या जिनला जातो. आणि रुईच्या गाठी मात्र सूतगिरणीवाला त्याच्या सवडीने उचलणार. मधल्या काळात समजा ५०० गाठी गोदामात पडून आहेत. एक गाठ साधारण १७० किलोची, भाव खंडीवर बोलला जातो आणि खंडी म्हणजे ३५५.५६ किलो. एमसीएक्स या वायदे बाजारावर कापसाचा वायदा २०२२ मध्ये मधेच अडकला होता, मग फेब्रुवारी २०२३ पासून नव्या रूपात सुरू झाला, त्यात एक लॉट, म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप, ४८ खंडींचा, म्हणजे जवळजवळ १०० गाठी. तर ५०० गाठींना ५ लॉट विकायचे, २४० खंडी झाल्या. भाव ५५,००० धरला तर माल १ कोटी ३२ लाखांचा. उद्या भाव ३,००० नी पडला तर गोदामात ७ लाख २० हजारांचा खड्डा, आणि वायद्यात तेवढेच जमा. इथपर्यंत सगळ्यांना पटतं, माना डोलतात, चहा येतो.

गडबड होते ती भाव वाढल्यावर. भाव २,००० नी वर गेला की वायद्यात ४ लाख ८० हजार गेले, आणि हे "गेले" म्हणजे कागदावर नाही, खात्यातून गेले, त्याच संध्याकाळी ब्रोकरचा मेसेज आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरा. गोदामातल्या मालाची किंमत पण तेवढीच वाढली हे कुणी मेसेज करून सांगत नाही. मग शेठचा फोन, "भाव वाढला आन् आपलंच नुकसान, हे कुठलं हेजिंग काढलं भाऊ तुम्ही?" मी म्हणतो शेठ, बैलजोडी घेताना एकाच बैलाचे दात बघून भाव करता का. तेवढ्यापुरते हसतात, पुढच्या महिन्यात परत तोच फोन.

मला वाटतं रिस्क मॅनेजरचं निम्मं काम इथेच आहे, मॉडेल वगैरे नंतर. वायद्याचं खातं आणि मालाचं खातं एकाच कागदावर आणायचं, आणि तो कागद रोज संध्याकाळी मालकाच्या समोर जाईल हे बघायचं. अकाउंटंट मंडळींना याचा कंटाळा असतो कारण मालाची किंमत रोज कोण बाजारभावाने काढणार, पण ते केलं नाही तर महिन्याच्या शेवटी एकच आकडा दिसतो, "ब्रोकरकडे तोटा", आणि मग पुढचा निर्णय रागात होतो. ओळखीतल्या एका जिनवाल्याचं असंच झालं. भाव चढत होता तोवर मार्जिन, म्हणजे वायद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम, भरलं, भरलं, आणि मग एके दिवशी वैतागून सगळे लॉट कापले, म्हणजे वरच्या भावाला तोटा पक्का केला. पुढे भाव उतरला तेव्हा गोदामातला माल उघडाच होता, तिथेही मार बसला. गावभर सांगत फिरतो की हेजिंगने बुडवलं. अहो हेजिंग होतं कुठे, ते तर तुम्ही अर्ध्यातून सोडलं.

याच्या उलटा नमुना पण असतो आणि तो जास्त धोक्याचा. गोदाम रुईने भरलंय आणि वायद्यात पण खरेदी, का तर "भाव वाढणारच आहे, दोन्हीकडून कमवू". अमेरिकेत याला टेक्सास हेज म्हणून चिडवतात, म्हणजे ही सवय फक्त आपलीच नाही. पण बँकेच्या सँक्शन लेटरवर, बोर्डाच्या ठरावात याला बिनधास्त "हेजिंग पोझिशन" लिहिलेलं मी वाचलंय. तेव्हा कुणी हेजिंग म्हटलं की पहिला प्रश्न एवढाच विचारायचा, तुमच्याकडे माल आहे की मालाची गरज आहे, आणि वायदा त्याच्या उलट बाजूला आहे का. उत्तर द्यायला समोरच्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागले तर समजून जा.

आता थोडं खोलात, कारण खरी मजा इथे आहे आणि पुस्तकात ती कुणी लिहीत नाही. जिनवाला म्हणतो माझा रिस्क कापसाचा. पूर्ण खरं नाही ते. तो कापूस घेतो आणि विकतो दोन वस्तू, रुई आणि सरकी. एक क्विंटल कापसातून समजा ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी, बाकी घट. म्हणजे एका खंडीला साधारण १०.४६ क्विंटल कापूस लागला. ७,५०० नी घेतला तर ७८,४५० रुपये. त्यातून ६.६९ क्विंटल सरकी निघाली, ३,६०० नी विकली तर २४,००० च्या आसपास वसूल. म्हणजे रुई पडली साधारण ५४,४०० ला, वर जिनिंग-प्रेसिंगचा खर्च वेगळा. आता बघा, रुईचा भाव जागचा हलला नाही पण सरकी क्विंटलमागे ३०० नी उतरली, तर खंडीमागे २,००० गेले. एवढं तर रुईचं मार्जिन पण नसतं कित्येकदा! आणि शेठ रुईचा वायदा विकून निवांत झोपलेत. सरकीचा स्वतःचा चालता वायदा नाही, जवळचा म्हणजे एनसीडीईएक्स या दुसऱ्या वायदे बाजारावर सरकी ढेपेचा आहे, डिलिव्हरीचं ठिकाण अकोला. सरकीतून तेल निघतं आणि उरते ती ढेप, त्यामुळे ढेपेचा भाव आणि सरकीचा भाव बरेचदा बरोबर चालतात, पण तेल घसरलं की सरकी घसरते आणि ढेप तशीच राहते असंही होतं. म्हणजे असा आडवाटेचा हेज करायचा तर पूर्ण मालावर करू नका, काही भागावर करा, आणि किती भागावर ते मागच्या दोन-तीन हंगामांचे भाव शेजारी शेजारी ठेवून ठरवा. रिग्रेशन, म्हणजे दोन भावांचं नातं आकड्यात काढायचं गणित, येत असेल तर उत्तमच, नसेल येत तर आलेख काढून डोळ्यांनी बघा, काही न बघण्यापेक्षा ते बरं.

बेसिस म्हणतात तो हाच प्रकार. वायद्याचा भाव आणि आपल्या मालाचा भाव यांच्यातलं अंतर. वरच्या ५०० गाठींच्या उदाहरणात वायदा २,००० नी वाढला पण आपल्या क्वालिटीला इकडे १,४०० च वाढून मिळाले तर गोदामात ३ लाख ३६ हजार आले आणि वायद्यात ४ लाख ८० हजार गेले, म्हणजे हेज अगदी बरोबर असूनही १ लाख ४४ हजार खिशातून. स्टेपल म्हणजे धाग्याची लांबी वेगळी, कचरा जास्त, ओलावा जास्त, गोदाम लांब, सगळं त्या अंतरात येतं. आणि आपल्याकडे सरकार पण त्या अंतरात येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ज्यांनी अमेरिकेच्या आयसीई एक्स्चेंजवर हेज केला होता त्यांच्यासाठी तिकडचा भाव हलायची गरजच नव्हती, इकडचा हलला. तिकडचा हिशेब आणखी वेगळा, भाव पौंडाला सेंटमध्ये, आपल्या खंडीत ७८४ पौंड, ७० सेंट आणि ८५ रुपये डॉलर धरला तर ४६,६४८ रुपये खंडी. म्हणजे कापसाचा हेज करायला गेलात आणि डॉलर गळ्यात पडला, आता त्याचा फॉरवर्ड, म्हणजे डॉलरचा भाव आधीच पक्का करणारा सौदा, वेगळा घ्या. तरी मोठ्या गिरण्या तिकडे जातात, कारण आपल्या कापूस वायद्यात गर्दी विरळ, दहा लॉट काढायचे म्हटले तरी भाव सरकतो. खरेदीदारच नसेल तर एक्स्चेंजच्या स्क्रीनवरचा भाव नुसता बघायला छान.

भावापेक्षा जास्त माणसं रोकड संपून मरतात, हे माझं ठाम मत. जर्मनीच्या मेटालगेझेलशाफ्टचं प्रकरण आठवा, १९९३ चं. त्यांच्या अमेरिकन कंपनीने ग्राहकांना पाच-दहा वर्षांसाठी ठरलेल्या भावात तेल द्यायचे करार केले, भाव वाढला तर बुडू म्हणून वायदे खरेदी केले, विचार चुकीचा नव्हता. पण करार लांबचे आणि वायदे अगदी जवळच्या महिन्यांचे, दर महिन्याला पुढे ढकलायचे. तेल पडलं. करारातला फायदा मिळणार होता पुढच्या दहा वर्षांत आणि वायद्यातलं मार्जिन भरायचं होतं आज. साधारण १.३ अब्ज डॉलरचा फटका. नोबेलवाले मर्टन मिलर नंतर म्हणत राहिले की कंपनीने घाबरून पोझिशन कापल्या तीच चूक, धरून ठेवलं असतं तर एवढं झालं नसतं. असेल खरं. पण धरून ठेवायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न नोबेलने सुटत नाही. आमच्या शेठचा आणि फ्रँकफर्टच्या त्या कंपनीचा प्रॉब्लेम तोच आहे, शून्यं कमी-जास्त. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी बँकेशी बोलून मार्जिनसाठी वेगळी लिमिट बांधून ठेवायची, भाव किती वर गेला तर किती लाख लागतील याचा तक्ता करायचा, आणि त्या तक्त्यात जो सगळ्यात वाईट भाव लिहिलाय त्याच्याही पुढे एक ओळ लिहायची.

ती एक ओळ का, तर २० एप्रिल २०२० मुळे. लॉकडाऊन होता, एमसीएक्स संध्याकाळी ५ ला बंद व्हायचं, क्रूडचा एप्रिल वायदा त्या दिवशी संपत होता आणि शेवटचे सौदे ९६५ रुपयांच्या आसपास झाले. लोक दिवाबत्ती करून जेवायला बसले असतील. रात्री न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूटीआय हे अमेरिकन क्रूड शून्याखाली गेलं आणि उणे ३७.६३ डॉलरवर थांबलं, आणि एमसीएक्सची सेटलमेंट झाली उणे २,८८४ रुपयांवर. १०० बॅरलचा लॉट, ९६५ ला घेऊन ठेवलेल्या माणसाचे एका लॉटमागे ३ लाख ८५ हजार गेले, आणि बाजार बंद असल्यामुळे मधे विकून बाहेर पडायची संधीसुद्धा नाही. त्या दिवशी कुणाच्या व्हीएआर मॉडेलने हे सांगितलं होतं? व्हीएआर म्हणजे काय, तर शंभरातल्या ९९ दिवशी तोटा एवढ्याच्या आत राहील असं सांगणारा आकडा. उरलेल्या एका दिवसाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. रिपोर्टमध्ये द्या, ऑडिटरला लागतो, पण त्याच्या भरवशावर लिमिट ठरवू नका.

मला विचाराल तर आपल्या भागात हेजिंग सगळ्यात चांगलं सराफांना कळतं. जळगावचं सोनं म्हणून लांबून लोक येतात, पण त्या दुकानातलं सोनं मालकाच्या पैशाचं असेलच असं नाही, हे गिऱ्हाईकाला कुठे माहीत. मोठे सराफ बँकेकडून सोन्यातच कर्ज घेतात. म्हणजे घेतले ग्रॅम, फेडायचे पण ग्रॅमच्या हिशेबाने, भाव जसजसे दागिने विकले जातील तसतसा पक्का करायचा. विकताना जो भाव मिळाला त्याच भावाने बँकेचं देणं मिटलं, मजुरी आपली. वायदा नाही, मार्जिन कॉल नाही, पण हेज पक्का. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्यावरची ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आणली तेव्हा दुपारच्या दुपारी १० ग्रॅममागे साधारण चार हजार उतरले. ज्यांचा माल स्वतःच्या पैशाचा आणि उघडा होता त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते, आणि ज्यांचं सोन्यातलं कर्ज होतं ते गिऱ्हाईकाची गर्दी सांभाळत होते कारण स्वस्त झालं म्हणून बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आता काही जण म्हणतील गेली दोन वर्षं सोनं कसलं पळालंय, हेज केलं नसतं तर करोडपती झाले असते. झाले असते. पण मग ते सराफ राहिले नसते, सोन्याचे सटोडिये झाले असते, आणि तसंच व्हायचं असेल तर दुकान कशाला चालवायचं, नुसतं लॉकर घ्या.

बाकी धंद्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. जळगावच्या एमआयडीसीत एवढ्या डाळ मिल, पण तुरीचा वायदा २००७ पासून बंद, आणि चण्यासकट सात वस्तूंचे वायदे, बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. महागाईला वायदे जबाबदार असं सरकारला वाटतं, त्यावर वाद घालायला वेगळा लेख लागेल. पण डाळ मिलवाल्याला रिस्क मॅनेजमेंट शिकवायला जाल तर तो म्हणेल हत्यार तर द्या आधी. मग उरतं काय, साठा कमी ठेवणं, घेतल्याबरोबर विकणं, आणि एका दिवसात इतक्या क्विंटलच्या वर उघडा माल नको अशी स्वतःवरच मर्यादा घालणं. कंटाळवाणं आहे पण रिस्क मॅनेजरचं ते पण हत्यारच आहे, उलट जास्त भरवशाचं, त्याला एक्स्पायरी नाही.

आणि केळी! रावेर-यावलकडे केळीला वायदा कुठून येणार, नाशवंत माल. पण तुम्हाला सांगतो, रावेरचा साधा केळी उत्पादक दरवर्षी एक डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्याच कशाच्या तरी आकड्यावर पैसे ठरतात असा करार, विकत घेतो आणि त्याला ते माहीत पण नसतं. हवामानावर आधारित फळपीक विमा. त्यात तुमच्या बागेचं नुकसान किती झालं हे थंडी-उन्हाच्या बाबतीत बघत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान सलग काही दिवस ठरलेल्या अंशाखाली किंवा वर गेलं की पैसे मिळतात. म्हणजे चक्क तापमानावरचा ऑप्शन, प्रीमियम भरला, ट्रिगर लागला, पेआउट मिळाला. आणि बेसिसची भानगड पण तीच. केंद्र एका गावात, बाग दुसऱ्या गावात नदीकाठाला, तिथे घड काळे पडले पण केंद्रावर पारा अर्ध्या अंशाने वर राहिला तर हातात काही नाही. उलट पण होतं, बाग ठणठणीत आणि पैसे जमा. लोक याला भ्रष्टाचार म्हणतात, कधी असेलही, पण बऱ्याचदा ती रचनाच तशी आहे. एमबीएच्या पोरांना बेसिस रिस्क शिकवायची असेल तर शिकागोची उदाहरणं राहू द्या, तांदलवाडीच्या एखाद्या बागेत नेऊन उभं करा.

हमीभाव पण तसाच, नीट बघितलं तर फुकट मिळालेला पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये. बाजार त्याच्या खाली गेला तर सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्या, वर असेल तर व्यापाऱ्याला. प्रीमियम शून्य. मात्र हा ऑप्शन वापरायच्या अटी बारीक अक्षरात आहेत, ओलावा ८ ते १२ टक्क्यांत पाहिजे, नोंदणी पाहिजे, खरेदी केंद्र चालू पाहिजे, आणि तुमचा नंबर यायला पाहिजे. त्या रांगेत थांबायची ताकद नसलेला शेतकरी खेडा खरेदीवाल्याला ७,००० ला माल घालून मोकळा होतो. तो फरक म्हणजेच त्या फुकट ऑप्शनची खरी किंमत. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा दहा दिवस घरात कापूस आणि दारात उधारीवाला ठेवून बघावं.

फुकट या शब्दावरून आठवलं. बँकेचा माणूस टाय लावून येतो आणि निर्यातदाराला म्हणतो, झिरो कॉस्ट हेज आहे सर, एक रुपया लागणार नाही. २००७-०८ च्या सुमारास तिरुपूरच्या कपडेवाल्यांसकट कितीतरी निर्यातदारांनी असे सौदे केले, डॉलर-रुपयाचे सोडा, ज्या चलनाशी धंद्याचा संबंध नाही त्यावरचे सुद्धा, आणि बाजार उलटला तेव्हा कंपन्या कोर्टात गेल्या. पुढे एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हचे नियम मोडले म्हणून १९ बँकांना दंड केला. या सगळ्यात समजून घ्यायची गोष्ट एकच, प्रीमियम लागला नाही याचा अर्थ एक ऑप्शन तुम्ही घेतला आणि एक किंवा दोन तुम्ही विकले. विकलेल्यात तोट्याला तळ नसतो. सही करायच्या आधी कागदावर लिहून मागा की मी काय काय विकलंय. टायवाला गडबडला तर चहा पाजून परत पाठवा.

टपरीवर मोबाईलमध्ये निफ्टीचे वीकली ऑप्शन खेळणाऱ्या पोरांबद्दल लिहिणार नव्हतो, पण एकच आकडा टाकतो. सेबीच्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे वायदे आणि ऑप्शन, करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पुढे काही बोलत नाही.

आमच्या अमळनेरचं मात्र बोलावंच लागेल. विप्रो १९४५ साली इथे सुरू झाली, वनस्पती तुपाची कंपनी म्हणून, आणि गावात अजून घरं आहेत जिथे आजोबांनी घेतलेले शेअर बोनस खात खात कुठल्या कुठे गेलेत. रिस्कच्या भाषेत हे भयंकर आहे, सगळी संपत्ती एका कंपनीत, ती पण आयटीतली, ज्यातलं एआयमुळे पुढे काय होईल हे बेंगळुरूलाही धड माहीत नाही. तर गल्लीतले एक आप्पा आहेत, त्यांना मी उत्साहाने पुट ऑप्शन समजावला. २५० चा भाव धरा, ३,००० शेअरचा लॉट धरा, साडेसात लाखांचा माल. २४० चा महिन्याचा पुट समजा ३ रुपयांना मिळाला, तर महिन्याला ९,००० प्रीमियम, २४० च्या खाली कितीही पडू दे, तुम्ही सुरक्षित. आप्पांनी पाठकोऱ्या कागदावर लगेच १२ ने गुणलं. वर्षाला १ लाख ८ हजार, म्हणजे साडेसात लाखांवर १४ टक्क्यांच्या वर. वर बघून म्हणाले, "माले इकानाच नहीत ते शेअर, मंग त्यासना इमा कसाले काढू?"

मी मग कॉलर सांगितला, वरच्या भावाचा कॉल, म्हणजे आपला शेअर त्या भावाला घ्यायचा हक्क, दुसऱ्याला विकून पुटचा खर्च काढता येतो वगैरे. पण २६५ ला शेअर हातातून जाऊ शकतो म्हटल्यावर त्यांनी कागदच उलटा ठेवला. खरं सांगायचं तर त्यांचं गणित चुकीचं नाही. शेअरची खरेदी किंमत जवळजवळ शून्य, घर पेन्शनवर चालतं, कर्ज नाही, मार्जिन नाही, भाव निम्मा झाला तरी त्यांना कुणाचा फोन येणार नाही. प्रश्न त्यांचा नाहीच, त्यांच्या मुलाचा आहे, तो पुण्याला एका आयटी कंपनीत आहे, पगार पण आयटीचा आणि वारसाहक्काने येणारे शेअर पण आयटीचे. त्याला मी सांगितलंय की पुट-बिट राहू दे, शेअर नावावर झाले की दरवर्षी थोडे विकत जा आणि दुसरीकडे टाक. तो म्हणाला हो, पण आप्पांना सांगू नका.